इनाबायचं माहेर

"अवो, असं काय हुबं? फुडं व्हा की!" सीतानं मागून नवऱ्याच्या कमरेत कोपर ढोसलं.

गंगाराम पुढे झाला नाही. बगलेत पिशवी, पिशवीत राजापूरच्या बाजारात चार दुकानं पालथी घालून घेतलेलं नऊवारी लुगडं, आणि नजर खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खुर्चीवर एक गोरा माणूस बसला होता. चांगला उंचापुरा गडी, पण खुर्ची बुटकी, त्यामुळे गुडघे पार छातीशी आलेले. ऑक्टोबरच्या उन्हानं बिचाऱ्याचं नाक सोलून निघालं होतं. माशी आली तरी तो तिला हळूच, माफी मागितल्यासारखा हाकलत होता. हा अलिस्टर. इनाबायच्या सख्ख्या भावाचा मुलगा, आणि स्कॉटलंडातल्या ग्लेनफर्नचा अर्ल. अर्ल म्हणजे काय हे इनाबायच्या मुलानं, राकेशनं, सकाळपासून येईल त्याला समजावलं होतं. "सरदार हो, सरदार. मोठ्या घराण्यातले." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होई. काही जण मात्र "मंग घोडा कुटं?" असं विचारून त्याचं डोकं खात.

इनाबायच्या नवऱ्याचं, आत्मारामचं, आज तेरावं होतं. तळेखोल गावची रीत अशी की तेराव्याला माहेरच्या माणसानं पुढे यायचं, विधवेच्या खांद्यावर नवं लुगडं घालायचं, आणि जेवणं उरकली की तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढून आपल्या घरी न्यायचं. एक रात्र तरी तिनं माहेरी काढायची. तोवर तिनं शेतावर जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, कुणाच्या दारात जायचं नाही. ज्याच्या हातचं लुगडं, त्याच्याच घरचा उंबरा. यात फेरफार नाही. एकदा लुगडं खांद्यावर पडलं की पडलं.

"हां, माहेरचं कोन हाय त्यांनी फुडं यावा," सखाराम म्हणाला. सखाराम हा भावकीतला सर्वांत वडील माणूस, शिवाय गावकर. गावकर म्हणजे देवळातला पहिला मान त्याच्या घराचा. तो बोलला की लोक गप्प होत, आणि लोक गप्प झाले की त्याला आणखी बोलावंसं वाटे. "गंगाराम, आजपातूर तू करत आलास, कोनाचं ना नाय. पन तू पडलास मानलेला भाऊ. आज सख्खं रगात सातासमुद्रापलीकडनं आलंय. त्याला बाजूला बसवून तू मान घेतलास, तर गावाची शोभा व्हईल रे. तूच बोल काय ता."

सगळं खळं गंगारामकडे बघायला लागलं. गंगाराम मुळात लाजाळू. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कोरड पडे. त्यात खुर्चीवरच्या त्या माणसानं, आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं ओळखून, त्याच्याकडे बघून कसनुसं हसून मान लववली. आता एवढा मोठा सरदार मान लववतो म्हटल्यावर गंगारामसारख्या माणसानं काय करावं?

"त्यांचा मान मोटा," तो पुटपुटला. "पाव्हणे हायत. त्यांनीच घालूंदे."

आणि त्यानं पिशवीतून लुगडं काढून, दोन्ही हातांनी, त्या गोऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवलं. मागे सीताच्या तोंडून "आयो!" असा आवाज निघाला.

राकेशनं इंग्रजीत काहीतरी समजावलं. अलिस्टर उठला, गोंधळला, लुगड्याची घडी उलगडायची की नाही हे त्याला कळेना. शेवटी तशीच घडी त्यानं आत्याच्या खांद्यावर ठेवली आणि ती पडू नये म्हणून हात तिथेच धरून राहिला. इनाबाय दारात, उंबऱ्याच्या आत, पाटावर बसली होती. तिनं लुगड्याकडे पाहिलं नाही, भाच्याकडे पाहिलं नाही. तिनं पाहिलं ते गंगारामकडे. निळ्या डोळ्यांनी, एकटक. मग ती उठली आणि आत निघून गेली.

आता ही अर्लाची लेक तळेखोलात कशी, असं कुणी विचारलं की गावातल्या बायका अजूनही आधी हसून घेतात आणि मग सांगतात. आत्माराम मुंबईच्या गोदीत फिटर. कंपनीची बोट ग्लासगोला बांधून होत होती, ती ताब्यात घ्यायला चार माणसं धाडली त्यात हा. तिथे शिडीवरून पडून पाय मोडून घेतलान आणि दवाखान्यात जाऊन पडला. बड्या घरच्या मुली तिथे रोग्यांना खाऊपिऊ घालायला येत, त्यात इना. तिनं ओटची लापशी आणली, बरोबर साखर आणली. आत्मारामनं साखर सारली बाजूला आणि खुणेनं मीठ मागितलं. इनाला हसू फुटलं. कारण त्यांच्या घरातही, त्या एवढ्या मोठ्या किल्ल्यातही, ती मीठ घालूनच खात, आणि तिचे वडील तर रोज सकाळी ती उभ्यानं खात. आत्माराम एक चमचा तोंडात घालून म्हणाला, "अरे, ही तर आमची पेज!" झालं. पाय जुळायच्या आत दोघांचं जुळलं. वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी हातातला वाडगा खाली ठेवला म्हणे, आणि त्यानंतर मरेपर्यंत लेकीशी बोलले नाहीत.

मुंबईत आत्माराम गावातल्या दहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे बायको कुठे ठेवणार? मग गावातल्या सगळ्या चाकरमान्यांच्या बायका जशा राहतात तशी इनाही गावी सासूजवळ राहिली. नवरा शिमग्याला आणि गणपतीला यायचा. बाकीचे दिवस ती, सासू, दोन गुरं आणि कातळाच्या कडेची भातशेती. लोकांनी पैजा लावल्या होत्या, ही किती टिकेल म्हणून. गणपतीपर्यंत म्हणणारे होते, लावणीपर्यंत म्हणणारे होते. ती लावणीला उतरली, उन्हानं आणि पावसानं तिची पाठ सोलवटली, पण सासू वर आल्याशिवाय ती कधी चिखलातून वर आली नाही. भाषा ती बायकांत वाकून वाकूनच शिकली, त्यामुळे तिच्या तोंडी पहिल्या शिव्या बसल्या आणि मग बाकीचं मराठी. आणि गुरांचं तर विचारूच नका. बापाच्या किल्ल्याला मोठा गोठा होता, केसाळ गाई होत्या, त्यांच्यात ती वाढलेली. तीन वाड्यांत कुणाची गाय अडली की रात्र असो, पाऊस असो, हाक एकच, "इनाकाकीला बोलवा!" ती यायची, लुगडं खोचायची, खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवायची आणि ओढून काढायची. मग तिथेच हात धुऊन कोरा चहा पिऊन घरी. बाई कसली, सोनं आहे ते. हे आम्ही नाही, तिला नावं ठेवणाऱ्या बायकाच म्हणतात.

पण त्याआधी, पहिल्याच वर्षी, पेच पडला होता तो गौरीचा. त्या साली गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या. अशा साली नव्या सुनेनं ओवसायचं असतं, म्हणजे माहेरून आलेली नारळ-काकडी-पानसुपारीनं भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची. तो ओवसा झाला की बाई त्या घरची. आता सुपं येणार माहेरून आणि माहेर तर बर्फात! देवळात बैठक बसली. तेव्हा गावकर होता सखारामचा बाप. तो म्हणाला, जिला माहेर नाही तिला ओवसा नाही, विषय संपला. तेवढ्यात मागच्या खांबाला टेकून तंबाखू मळत बसलेला एक माणूस उठला. हा केरू, गंगारामचा बाप. खालच्या वाडीतला, अंगावर पंचा आणि एक जुनी बंडी. हद्दीवरच्या फणसावरून त्याचं आणि गावकराचं वर्षानुवर्षं वाजायचं. गावकर पूर्व म्हणाला तर केरू पश्चिम म्हणणारच.

"पोर माजी," केरू म्हणाला. "सुपं माज्या घरातनं येतील. कोनाचं काय म्हननं हाय?"

कुणाचं काय म्हणणं असणार? बाप मी आहे असं एखादा भर देवळात म्हणाला तर त्याला नाही कोण म्हणणार! केरूनं घरी येऊन बायकोला, चिमाला, सांगितलं तेव्हा चिमानं आधी हातातली पळी आपटली. "फणसापायी पोर घेऊन आलात? मला इचारलंत काय?" मग थोड्या वेळानं चुलीपुढून आवाज आला, "जेवते काय वो ती नीट? भात खाते?" दुसऱ्या दिवशी तिनं उसन्या पैशांनी पाच सुपं आणली. ती डोक्यावर घेऊन वरच्या वाडीत गेला तो शाळकरी गंगाराम. बहीण नसलेल्या घरात ही तांबड्या केसांची, सहा फूट उंच बहीण अशी आली. अर्धी हट्टापायी, अर्धी गमतीत. पण नंतर चिमा दर वर्षी तिला माहेरपणाला आणायची, अंगणात बसवून ते तांबडे केस विंचरायची, तेल थापायची. चिमा गेली तेव्हा इनाबायनं लेकीनं पाळायचं ते सुतक पाळलं. गमतीतलं काही उरलं नव्हतं. आणि आज पन्नास वर्षं होत आल्यावर गंगारामनं ते सगळं एका घडीत एका पाहुण्याच्या मांडीवर ठेवून दिलं होतं.

जेवणाच्या पंगती बसल्या. गंगारामच्या पानात वडे होते, काळ्या वाटाण्याची आमटी होती, खीर होती. तो एक वडा हातात धरून बसला होता.

"जेवा की," सीता वाढता वाढता दातओठ खाऊन म्हणाली. "बहीण देऊन आलात, आता पोटभर जेवा."

"अगो, मी पाव्हण्याचा मान राखला."

"मान? भाऊपण टाकून आलात! आता तो नेईल ना तिला हात धरून! गाडी बगा, फाटकातच लावून ठेवलीय. राकेश सांगत व्हता, उद्याचं विमान हाय त्याचं. मान म्हने!"

गंगारामच्या हातातला वडा पानात पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. लुगडं दिलं त्याच्या घरचा उंबरा. म्हणजे इनाबायचं माहेर आता तिकडे, आणि तिला तिकडे जायला आपणच मोकळं केलं. तो पानावरून अर्धवट उठला, हात धुतले आणि घराला वळसा घालून मागच्या गोठ्यात शिरला. ती तिथेच असणार हे त्याला ठाऊक होतं. गोठा घराला लागून, उंबऱ्याच्या आतला, तिथे जायला तिला आडकाठी नव्हती.

इनाबाय गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. केस आता पांढरे, पाठीला किंचित बाक, पण उभी मात्र अजून ताठ. खांद्यावर ते लुगडं नव्हतं. घडी तशीच गव्हाणीच्या कडेवर ठेवलेली होती.

"बाय..." गंगाराम म्हणाला.

"कोन तुमी?" ती न वळता म्हणाली. "काय हवंय तुमाला?"

जन्मात तिनं त्याला "तुमी" म्हटलं नव्हतं. गंग्या, मेल्या, गाढवा, सगळं म्हटलं होतं.  गंगाराम तिथेच शेणाच्या टोपलीशेजारी बसला.

"असं नको गो बोलू. चुकलो मी. पन तो तुजा सख्खा भाचा..."

"तो भाचा हाय ता मला म्हायत हाय. तू सांगाया नको!" आता ती वळली. तोंड लाल झालं होतं. "गंग्या, तुज्या बापानं मला भर देवळात हुबं राहून घेतलान. अंगावर नीट कपडा नव्हता त्याच्या, पन घेतलान. आनि तू? तू मला भर खळ्यात देऊन टाकलंस. म्हातारी झाली, नवरा गेला, आता ही कशाला गळ्यात, असंच ना?"

"देवीची आन, तसं नाय!"

"मंग कसं?"

 मोठ्या माणसापुढे आपण बाजूला व्हायचं, एवढंच गंगारामला आयुष्यभर येत होतं. त्यात काही चूक असते हे कुणी सांगितलं नव्हतं. तो नुसता डोळे पुसत राहिला. ते बघून इनाबाय जरा निवली. गव्हाणीच्या कडेला टेकून बसली.

"तुला काय वाटलं, तो मला न्यायला आलाय?"

"गाडी हाय... उद्याचं विमान हाय..."

"त्याचं एकट्याचं. मला कुटं नेणार तो? घर हाय कुटं?" ती म्हणाली. "माजा भाऊ मार्च महिन्यात गेला. त्याच्या आधीच किल्ला, रान, नदी, सगळं इकलं. आता तिथं हाटेल हाय. हा अलिस्टर एका खोलीत भाड्यानं ऱ्हातो, शाळेत शिकवतो. बायको सोडून गेली, पोर नाय. अर्ल म्हने! ता नुसतं नावाफुडं हाय. माज्या बापाच्या घरातली मी अन् हा, दोनच मानसं उरलीत. ता सांगायला आलाय तो. फोनवर सांगवेना म्हनून आलाय."

गाईनं शेपटी झाडली. बाहेर पंगतीत कुणीतरी आमटी मागत होतं.

"मी या गावची एक रीत मोडलेली नाय, गंग्या," इनाबाय हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या बायका मोडतील, त्यांना चालतं. मी मोडली असती तर म्हनले असते, गोरी ती गोरीच. लुगडं अलिस्टरच्या हातनं पडलं. आता त्याच्या घरी गेल्याशिवाय मी भायेर पडायची नाय. आनि त्याला घर नाय. कापणीला आलेलं भात त्या तिथं हुबं हाय, आनि मी हितं गोठ्यात. चल, जा आता तू. जेव जा."

गंगाराम गेला नाही. तो खाली मान घालून बसून राहिला. दिलेला मान परत मागायचा म्हणजे त्या पोराचा भर गावात अपमान. न मागावा तर बहीण कोंडलेली. असं उलटं, तसं उलटं, कसंही धरलं तरी बसेना. मग त्यानं डोकं वर केलं.

"बाय, तुजा तो भाऊ... मोटा का गो तुज्यापेक्षा?"

"दोन वर्षांनी मोटा. का?"

"काय नाय," म्हणून गंगाराम उठला आणि तरातरा खळ्यात आला.

पंगती उठल्या होत्या. माणसं सुपारी कातरत बसली होती. सखाराम कुणाला तरी त्याच्या बापाच्या वेळच्या गोष्टी सांगत होता. अलिस्टर त्याच बुटक्या खुर्चीवर, हातात पाण्याचा तांब्या, तो कसा प्यायचा याच्या विचारात. गंगाराम खळ्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तोंडाला कोरड पडली होतीच, पण आज तो तसाच कोरड्या तोंडानं बोलला.

"राकेश, तुज्या ह्या मामेभावाला इचार. इनाबाय त्याच्या बापाची बहीण ना?"

राकेशनं विचारलं. अलिस्टरनं मान हलवली.

"आनि इनाबाय माजी पन बहीण. मंग त्याचा बाप माजा कोन झाला?"

 सुपारीचा आवाजसुद्धा थांबला.

"भाऊ झाला. मोटा भाऊ. मी त्याला बगितला नाय, तो माज्या नशिबात नव्हता. पन भाऊ. आनि भावाचं पोर म्हंजे माजंच पोर. पोरानं लुगडं घातलान काय, नि काकानं घातलान काय, घर येकच. मी मघाशी त्याला पाव्हणा म्हनलो, ती चूक झाली. तो पाव्हणा नाय. उठ बाबा, आपल्या आत्याला घेऊन आपल्या घरी चल. खाली, फणसाच्या फुडं आपलं घर हाय."

"हां हां, थांब!" सखाराम उठला. "गंगाराम, असं नाती जोडत गेलास तर इलायतेचा राजा पन तुजा मेव्हणा व्हईल. त्याचा देश येगळा, धरम येगळा..."

"सखारामदादा," गंगाराम म्हणाला, "तुमी मला सांगा, एवडी वर्षं गौरीनं इनाबायचा ओवसा घेतलान का नाय? माज्या घरची सुपं घेतलान का नाय? घेतलान तर ती माजी बहीण खरी. ती खरी तर भाऊ खरा, भाऊ खरा तर पोर खरं. आता तुमचं म्हननं असंल का देवीला आजपातूर खोटी सुपं गेली, तर तसं हितं सगळ्यांफुडं बोला. मी माघार घेतो."

आता असलं कोण बोलणार?  सखाराम टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "मी कुटं काय बोललो? मी म्हनलं, उशीर व्हतोय, आटपा."

राकेश हे सगळं इंग्रजीत सांगत होता. अलिस्टर ऐकत होता, मधेच थांबवून पुन्हा विचारत होता. त्याचं सोललेलं नाक आणखी लाल झालं.

"मामा," राकेश म्हणाला, "तो विचारतोय, माझ्याजवळ आता घरदार काही नाही, मी नावाचाच अर्ल आहे, हे ह्यांना कुणी सांगितलंय का?"

"सांगितलंय. म्हनून तर बोलावतोय," गंगाराम म्हणाला. "असतं घर तर गेला असता तिकडं."

अलिस्टर खुर्चीवरून उठला.  तो ताठ उभा राहिला आणि डोळ्यांवर मनगट दाबलं. सीता घाईघाईनं पदर सावरत पुढे आली नि म्हणाली, "राकेश, त्याला सांग, आमच्याकडं कुळथाचं पिठलं हाय, भाकरी हाय. आनि सकाळची पेज. मिठाची."

इनाबाय दारात येऊन उभी होती. ते लुगडं आता तिनं नेसलं होतं. गडद चिंचेच्या रंगाचं, तिच्या पांढऱ्या केसांना शोभणारं. हात कुणी धरायचा हा प्रश्न सखारामच्या ओठावर आला असणार, पण तिनं त्याला वेळच दिला नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले. एक भाच्यानं धरला, एक भावानं, आणि अर्लाची लेक उंबऱ्याबाहेर आली.

खालच्या वाडीची वाट भाताच्या बांधांवरून जाते. दोन्हीकडे पिवळं भात वाकलं होतं. अलिस्टरचे बूट दर चार पावलांनी बांधावरून घसरत होते, आणि पुढून आत्याचा आवाज येत होता, त्याच्या भाषेत एकदा आणि मग चुकून मराठीत, "पाय आडवा टाक रे, आडवा!" एका ठिकाणी ती थांबली, वाकून एक लोंबी हातात घेतली, दाणा दातांखाली फोडून बघितला आणि म्हणाली, "झालंय. परवा घालू कोयता." आत्माराम असता तर काल घातला असता, एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. 

सीतानं दारात तिच्या पायांवर पाणी घातलं. संध्याकाळी इनाबाय भाकरी खाऊन चिमाच्या जुन्या गोधडीवर आडवी झाली, आणि तेरा दिवसांत कुणी ऐकला नव्हता तो तिचा रडण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत राहिला. सीता उठून जाणार होती. गंगारामनं तिला हातानं थांबवलं.

सकाळी उन्हं ओटीवर आली तरी ती उठली नव्हती. गुरांची धार काढून झाली, पेज शिजली, अलिस्टरनं उभ्यानंच दोन वाडगे खाल्ले. आता तो ओटीच्या पायरीवर बसून गाडीवाल्याला अजून थांब म्हणून खुणा करत होता. सीतानं कोंबड्या हाकलत पार परसाच्या टोकाला नेऊन तिथे दाणे टाकले, घराजवळ कलकलाट नको म्हणून.

एवढ्यात वरून सखाराम आला.

"इनाबाय उठली काय?" तो वाटेवरूनच ओरडला. "माजी गाय आज-उद्या व्यायची हाय, जरा बगून..."

गंगाराम उठून त्याच्याजवळ गेला. "निजलीय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"आजून? ही तर कोंबड्याच्या आदी उठनारी! बरं नाय काय?"

"बरी हाय. म्हायेरला आलीय ती."

सखारामनं दाराकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली, आणि येताना कातळावर ठकठक वाजवत आणलेली काठी बगलेत मारून, वहाणा हातात घेऊन, तो आल्या वाटेनं परत गेला.